समोरची

१. कर्र आणि धप्प

आधी 'कर्र' झालं, मग 'धप्प' झालं, आणि मग इस्त्रीभाऊंचे दोन्ही पाय हवेत गेले. मोज्यांनासुद्धा इस्त्री होती, मी या डोळ्यांनी पाहिलीय. यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. जिथे मीठमसाला लावीन तिथे तुम्हाला चव लागेलच.

तेव्हा मी देशाच्या सभागृहात निवडून गेले होते. सभागृह म्हणजे काय, तर दोन घरं आणि मधे एक अंगण. एका बाजूला पिवळे, दुसऱ्या बाजूला जांभळे, समोरासमोर. अध्यक्षांनी खिडकी उघडा म्हटलं तर पिवळ्यांना उकडायचं आणि जांभळ्यांना थंडी वाजायची. पिवळ्यांनी टाळी वाजवली की जांभळे हात खिशात घालायचे. जांभळ्यांनी काळ्या फिती लावल्या की पिवळे पांढऱ्या लावून यायचे. एकदा तर एका जांभळ्याला शिंक आली, तर समोरच्या पिवळ्याने स्वतःला येत असलेली शिंक निषेध म्हणून परत आत ढकलली. बिचारा तीन दिवस हॉस्पिटलात.

मी ना पिवळी, ना जांभळी. अपक्ष, एकटी. माझी खुर्ची दोन्ही बाजूंच्या टोकाला, मधोमध. म्हणून सगळे मला 'मधली मावशी' म्हणायचे. पिवळ्यांना जांभळ्यांची तोंडं दिसायची, जांभळ्यांना पिवळ्यांची. मला दोघांचे फक्त कान दिसायचे. माझ्यासमोर कुणी नाहीच. इतकी वर्षं त्या खुर्चीत बसले, पण माझ्यावर कुणी धड ओरडलंसुद्धा नाही. एवढ्या भांडणात आपल्याशी कुणीच भांडत नाही, याने माणूस आतून किती जळतं, ते मलाच ठाऊक.

तर झालं असं, की देशाच्या वर्धापनदिनाला दोन्ही बाजूंनी एकोपा दाखवायचा ठरला. एकोपा आणायचा नव्हता, दाखवायचा होता. सुताराकडून दोघांचा एक सुंदर बाक करून घेतला, त्याचं नाव 'एकोप्याचा बाक'. अध्यक्षांसमोरच्या मोकळ्या संगमरवरी जागेत तो मांडायचा आणि त्यावर पिवळ्यांचे पुढारी इस्त्रीभाऊ आणि जांभळ्यांच्या पुढारी कात्रीबाई शेजारी शेजारी बसणार, कोण कुठल्या बाजूला तेही आधीच ठरलेलं. कॅमेरे टिपणार, देश गहिवरणार. बाईंना कात्री म्हणायचे, कारण समोरच्याचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत त्या ते कापायच्या.

आदल्या सकाळी, बाक ठेवला होता त्या बाजूच्या संगमरवरी खोलीतच, तालीम होती. कात्रीबाई बसल्या. बाक गप्प. इस्त्रीभाऊ शर्टाची घडी सांभाळत टेकले, आणि कर्र, धप्प.

सुतार वाकून बघतो तर भाऊंच्या बाजूचे दोन्ही पाय करवतीने जवळजवळ आरपार कापलेले. बाईंच्या बाजूचे पाय शाबूत, मधले शाबूत. बाई जागच्या हलल्या नाहीत.

आणि बाईंच्या पायाशी, बाकाखाली, नीट दुहेरी घडी घालून ठेवलेलं एक पायपुसणं.

२. पायपुसण्याचा अर्थ

आता पायपुसणं म्हणजे पायपुसणं. पण सभागृहात कशालाच साधा अर्थ नसतो.

जांभळे ओरडले, "आमच्या बाईंना पायपुसणं म्हणता?"

पिवळे ओरडले, "आमच्या भाऊंना पाडलं, आणि वर पायपुसणं टाकून सुचवता की पाय पुसून चालते व्हा?"

अर्ध्या तासात जांभळ्यांनी निषेध म्हणून डेस्कवर पायपुसणी पसरली. मग पिवळ्यांनी गळ्यात अडकवली. गावातल्या दुकानांतली पायपुसणी संपली. लोक घरात शिरताना पाय हातात घेऊन शिरायला लागले.

बाकाची कथा मात्र साधी होती. काल संध्याकाळची बैठक सुरू होताना सुताराने बाक बाजूच्या खोलीत आणून ठेवला, तेव्हा पाय धडधाकट होते. बैठक संपली तेव्हा खोलीला कुलूप लागलं. आज सकाळी सगळ्यांदेखत ते उघडलं. म्हणजे जे झालं ते बैठक चालू असताना झालं. सुताराची हत्यारांची पेटी बाकाशेजारीच होती. करवतीचा आवाज कुणाला येणार? काल असला गदारोळ होता, की मी कानात कापूस घालून डोळे मिटून बसले होते.

त्या खोलीवर पहारा मार्शलचा. पांढऱ्या मिशीचा भला माणूस. तो डबा खायला मागच्या अंगणात गेला होता, दार उघडं टाकून. झालं! कित्येक वर्षांत पहिल्यांदा पिवळे आणि जांभळे एका गोष्टीवर एक झाले: मार्शलला हाकला.

"मावशी," मार्शल माझ्या खुर्चीशी येऊन हळूच म्हणाला, "नोकरी गेली की क्वार्टर जाईल. आई अंथरुणाला खिळलीय, तिला उचलून कुठे नेऊ? मी डबा खाल्ला, एवढाच गुन्हा. काल तर किती दिवसांनी निवांत खाल्ला हो, छत्रीसुद्धा उघडावी लागली नाही."

छत्री काय, डबा काय! भेदरलेला माणूस काहीही बरळतो, म्हणून मी सोडून दिलं. ते सोडायला नको होतं.

अध्यक्ष म्हणाले, "दुपारच्या बैठकीपर्यंत कापणारा सापडला नाही, तर मार्शल बडतर्फ. चौकशी कुणी करायची?" पिवळ्यांना जांभळा चालेना, जांभळ्यांना पिवळा.

सगळे कान माझ्याकडे वळले, आणि प्रथमच मला सगळ्यांची तोंडं दिसली.

३. वीतभर अंतर

पहिली गाठली इस्त्रीभाऊंची बायको. ती काल त्या खोलीत गेल्याचं सुतारानेच सांगितलं होतं. भाऊंच्या कमरेला शेकत बसली होती.

"गेले होते ना," ती फणकारली. "बाक बघायला. वितीने मोजला मी. दोघांत वीतभरसुद्धा अंतर नाही हो मावशी! देशाचा एकोपा म्हणे. माझ्याशेजारी बसताना यांना पाठीत उसण भरते, आणि त्या बाईशेजारी बसायला नवा शर्ट!"

"मग कापलेत पाय?"

"मी?" तिने पिशवी भाऊंच्या कमरेवर अशी दाबली की भाऊ कळवळले. "मी कापले असते तर त्या बाईच्या बाजूचे कापले असते. आणि मग समोर उभं राहून टाळ्या वाजवल्या असत्या."

हे मला पटलं. मत्सरी बायको नवऱ्याला नंतर बघते, आधी दुसरीला.

दुसरा कात्रीबाईंचा पुतण्या. जांभळ्यांचा उपपुढारी, नेहमी बाईंच्या मागच्या रांगेत. बाई खुर्चीवरून कधी उठतात याची वाट बघण्यात त्याचे केस विरळ झाले होते.

"मावशी, मला खोटं बोलता येत नाही," तो खोटं बोलला. "काकू गेल्या तर जागा मला मिळेल, हे खरं. पण पाडायचंच, तर मी काकूंना नसतं का पाडलं? इस्त्रीला पाडून मला काय मिळणार?"

"काकूंची काळजी वाटते तुला?"

"म्हणजे काय! इतकी वर्षं मागे बसतोय. काकूंचा अंबाडा मी हजार अंबाड्यांत ओळखेन. पिन कुठली, तीसुद्धा सांगेन."

"आणि पायपुसणं?"

"अपमान!" तो लगेच छाती काढून म्हणाला. "समोरच्यांनी केलेला अपमान!"

दोघांच्या पोटात आग, पण दोघांची करवत दुसऱ्याच दिशेला चालली असती. उरला तिसरा. त्याच्या पोटात तर वणवा असायला हवा होता.

४. भोंगा

पिवळ्यांतला तो सगळ्यांत जुना सभासद. नाव भोंगा. तो ओरडला की घुमटावरची कबुतरं फडफडून उडायची, आणि शहरभर लोक घड्याळं लावून घ्यायचे. हयातभर पिवळ्यांचा तोच पुढारी होणार असं चाललं होतं, आणि मागच्या महिन्यात नव्यानेच आलेल्या इस्त्रीने पुढारीपण पळवलं. कात्रीबाईंच्या बरोब्बर समोरची खुर्ची मात्र भोंग्याचीच. बाई बोलायला उभ्या राहिल्या, की याने ओरडायचं. बाईंनी त्याचं वाक्य कापायचं, याने त्यांचं बुडवायचं. लोक म्हणायचे, देशाचे कायदे या दोघांच्या भांडणाच्या फटीतून निसटून बाहेर पडतात.

तो कॅन्टीनच्या कोपऱ्यात गार झालेल्या चहाकडे बघत बसला होता.

"मावशी, बसा. समोरचीला काही लागलं नाही ना?"

"भाऊंना विचार की. कंबर धरून पडलेत."

"ते पडणारच. काल आलेला शर्ट तो." त्याने कप सरकवला. "मला एवढंच सांगा, आमच्यात तो घुसलाच कुठून?"

"जळतोयस ना?"

"जळतोय," तो सरळ म्हणाला. "पण काल संध्याकाळी मी सभागृहात होतो. एवढा गदारोळ झाला. माझ्याशिवाय कधी गदारोळ झालाय का?"

हे मात्र खरं होतं. मी पाच-सात पिवळ्यांना विचारलं, भोंगा काल होता का? सगळे म्हणाले, "होता की! गदारोळ होता म्हणजे तो होताच." कुणी त्याला पाहिलं होतं असं नाही. पण पाऊस पडला म्हणजे ढग होते, तसंच ते.

तिघेही जळणारे, आणि तिघेही सुटले. दुपार जवळ आली, आणि माझ्या हातात एक पायपुसणं. तेवढ्यात कात्रीबाईंचा निरोप आला: मला कुणी काही विचारणार आहे, की नाही?

५. टेबलाखाली

बाई आपल्या खोलीत मोठ्या टेबलामागे बसल्या होत्या. मी काही म्हणायच्या आत त्यांनी माझं वाक्य कापलं.

"मार्शलला उगाच छळताहात."

"मग कुणाला छळू? काल तुम्ही सभागृहात काही..."

"काल अगदी शांत होतं."

मला वाटलं माझ्या कानातला कापूस अजून आतच आहे. "शांत? अहो काल उडते कागद माझ्या मिटल्या डोळ्यांवर येऊन पडत होते. एकाने माईक चावला म्हणे!"

"हो का?" बाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "मला शांतच वाटलं. सुनंसुनं."

आणि हे म्हणताना त्यांचा चेहरा असा झाला, जणू कुणी बोलावून जेवायला वाढलं नाही. मी गडबडले. हातातलं चष्म्याचं घर खाली पडलं. ते उचलायला टेबलाखाली वाकले, आणि वाकलेली तशीच राहिले.

बाईंची उजव्या पायातली चप्पल बाजूला काढून ठेवलेली होती. उघडं पाऊल गालिच्यावर टेकलेलं, अंगठा हळूच हलत होता.

"पाय दुखतो का हो?" मी टेबलाखालूनच विचारलं.

"सवय आहे. बोलायला लागले की चप्पल सुटते. पण गार फरशी सोसत नाही, गोळा येतो." मग एकदम तीक्ष्ण आवाजात, "कुणाला सांगायची गरज नाही. घरीसुद्धा कुणाला ठाऊक नाही."

मी वर आले, ती वेगळीच मावशी होऊन आले.

संगमरवरी फरशी. बाईंच्या पायाशी दुहेरी घडीचं पायपुसणं. अरे, तो अपमान नव्हता, निषेध नव्हता, काही नव्हतं! या अख्ख्या इमारतीत पायपुसण्याचा पाय टेकण्यासाठी उपयोग केलेला तो एकच माणूस होता.

दाराबाहेर पुतण्या कान लावून उभा होताच. मी विचारलं, "तुझ्या काकू भाषण करताना कुठली चप्पल काढतात रे?"

"काकू? चप्पल?" तो हसला. "भलतंच. आमच्या काकू शिस्तीच्या."

बरोबर. याला फक्त अंबाडा दिसतो. मागच्या सगळ्या जांभळ्यांना अंबाडाच दिसतो. मला कान दिसतो. आपल्या माणसांना आपली पाठ दिसते हो. पाऊल दिसणार ते समोरच्या पहिल्या रांगेला. तिथे इस्त्री कॅमेऱ्याकडे बघत बसतो, आणि तो स्वतःचे पाय कापून स्वतःच कशाला पडेल? मग बाईंच्या बरोब्बर समोर उरला कोण?

पण तो तर गदारोळात होता!

६. छत्री

मी मार्शलला अंगणात गाठलं. "ती छत्री. काय म्हणत होतास छत्रीचं?"

"काही नाही मावशी. इथे डबा खायला बसलो, की भोंगासाहेब आत ओरडतात. ते ओरडले की घुमटावरची कबुतरं उडतात, आणि उडाली की..." त्याने डोक्यावर हात ठेवला. "म्हणून मी छत्री उघडून जेवतो. काल मात्र एक कबूतर हललं नाही."

"पण काल आत तर केवढा गदारोळ होता!"

"असेल. बाकीच्यांच्या ओरडण्याला कबुतरं मोजत नाहीत."

आता भोंग्याचे शब्द माझ्या कानात उलटे वाजायला लागले. सभागृहात सगळे म्हणतात 'समोरचे', 'समोरच्यांनी'. अनेकवचन. शत्रू नेहमी घोळक्यानेच असतो. भोंगा एकटा म्हणाला होता, 'समोरचीला लागलं नाही ना?' आणि 'आमच्यात तो घुसलाच कुठून?' मी समजले, आमच्यात म्हणजे पिवळ्यांत. आपल्या भाषेतला हा शब्द मोठा लबाड. 'आमच्यात' म्हणजे पक्ष भरून माणसं असतील, नाहीतर फक्त दोन.

तो बाजूच्या खोलीत मोडक्या बाकापाशी उभा होता. मी पायपुसणं त्याच्या हातात दिलं.

"गार फरशी सोसत नाही तिला," मी म्हटलं.

त्याने ते उलटसुलट करून बघितलं. मग हळू म्हणाला, "बाक बघायला आलो होतो, मावशी. नुसता बघायला. बघितलं तर केवढासा! इतकी वर्षं तिच्या एका भाषणासाठी मी आठवडाभर अभ्यास करतो. ती कुठे श्वास घेणार ते मला माहीत, म्हणजे तिथे ओरडता येतं. आणि तो इस्त्री पुढारी झाल्या झाल्या म्हणाला, आता बाईंना मी बघतो, तुम्ही जांभळ्यांच्या त्या नव्याने निवडून आलेल्या पोरीवर ओरडत जा. महिनाभर मी त्या पोरीवर ओरडतोय. मन लागत नाही हो. पुढारीपण घे म्हटलं, घर घे, दार घे. पण माझी समोरची?"

"आणि म्हणून करवत?"

"पेटी उघडीच होती."

"मार्शलची आई अंथरुणावर आहे. घंटा व्हायचीय आता. मी सांगू, की तू सांगशील?"

त्याने पायपुसण्याची घडी पुन्हा नीट केली आणि ते काखेत मारलं. घंटा झाली.

७. एकवचन

दुपारच्या बैठकीत पिवळ्यांच्या गळ्यात पायपुसणी, जांभळ्यांच्या डेस्कवर पायपुसणी, आणि दाराशी मार्शल मिशी चावत उभा.

अध्यक्षांनी विचारलं, "मधली मावशी, सापडला?"

मी उभी राहिले. भोंगा खाली बघत होता. मी तोंड उघडणार तेवढ्यात तो उठला.

"बाक मी कापला," तो म्हणाला. इतकं हळू, की कबुतरांना कळलं नाही. "इस्त्रीला पाडायचं होतं. समोरचीला लागू नये म्हणून मधले पाय सोडले. मार्शलचा काही दोष नाही."

एका पिवळ्याच्या गळ्यातलं पायपुसणं घसरलं, त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

मग कात्रीबाई उभ्या राहिल्या. आम्हाला वाटलं, आता कापणार.

"मला सकाळीच कळलं होतं," त्या म्हणाल्या. "पाय टेकला तेव्हाच."

"मग बोलला का नाहीत?" अध्यक्ष ओरडले.

"का बोलू? महिनाभर हे गृहस्थ आमच्या त्या नव्या पोरीवर ओरडताहेत! काल आलेल्या मुलीवर! माझी तीन भाषणं झाली, एकातही अडथळा नाही. मी श्वास घ्यायला थांबते, आणि काहीच होत नाही. म्हटलं, बसते त्या इस्त्रीशेजारी. बघू दे. जळू दे." त्या एकदम भोंग्याकडे वळल्या. "आणि करवत अशी वाकडी धरतात का? लाकडाचं वाटोळं केलंत."

भोंगा म्हणाला, "तुम्हाला त्यातलं..."

"कळतं," बाईंनी कापलं.

इस्त्रीभाऊंच्या बायकोने प्रेक्षकांच्या सज्जातून खरोखरच टाळ्या वाजवल्या.

मार्शलची नोकरी वाचली. पिवळ्यांनी भोंग्याला पक्षातून काढलं. जांभळ्यांनी लगेच त्या काढण्याला विरोध केला, कारण पिवळ्यांनी केलं होतं. पण पक्ष गेला म्हणजे खुर्ची गेली, आणि अपक्षाला बसायला जागा एकच. माझ्याशेजारी.

म्हटलं, चला, इतक्या वर्षांनी मला कुणीतरी सोबत आलं. कसलं काय! माणूस माझ्या शेजारी, पण नजर सगळी तिकडे. आणि तिथून दिसणार काय, तर बाईंचा कान. ना चेहरा, ना श्वास घ्यायची जागा, ना पाऊल. तो एक शब्द बोलेना. घुमटावर कबुतरं घरटी करून बसली, पिल्लं झाली. मी मनातून जळून कोळसा झाले, पण त्याचं तोंड बघवेना.

मग एक दिवस कात्रीबाई आल्या आणि सुताराला बोलावून घेतलं. त्यांची खुर्ची फरशीला पक्की ठोकलेली होती. ती काढून जराशी तिरकी बसवून घेतली, मधल्या बाजूला तोंड करून. पुतण्याला आता अंबाडासुद्धा अर्धाच दिसायला लागला. खाली, उजव्या बाजूला, ते पायपुसणं होतंच; भोंग्याने कधी नेऊन ठेवलं कोण जाणे.

बाई बोलायला उठल्या. दोन वाक्यं बोलल्या आणि श्वास घ्यायला थांबल्या. नेहमीपेक्षा अंमळ जास्तच थांबल्या.

माझ्या कानाशेजारी असा भोंगा वाजला, की मला त्या कानाने अजून नीट ऐकू येत नाही. बाहेर एकदम फडफड झाली. आणि अंगणात, डब्यावरचा हात न काढता, मार्शलने छत्री उघडली.